मदत हवी आहे: मोठ्या पावसानंतर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकूनही नळाच्या पाण्यात क्लोरीन टिकत नाही

मंडळी, जरा सल्ला हवा आहे.

गाव उमरखेड तालुक्यातलं. नाल्याकाठी सार्वजनिक विहीर, तिथून टाकी, टाकीतून नळ. मी गावच्या पाणी समितीत आहे. आधी झड लागायची, आठ-आठ दिवस भुरभुर चालायची. आता पंधरा-वीस दिवस ऊन तापतं आणि मग एका रात्रीत नाला विहिरीच्या कठड्याला लागतो. 2023 च्या जुलैत तेच झालं. पाणी ओसरलं की हगवण-उलट्यांचे पेशंट सुरू. 2022 मध्ये चिखलदऱ्याकडे पाचडोंगरी, कोयलारीत विहिरीच्या पाण्याने कॉलरा पसरला, माणसं दगावली. तेव्हापासून धास्तीच आहे.

जलसुरक्षक रोज टीसीएल टाकतो. टाकीजवळ ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो ती) पिवळी येते, शेवटच्या गल्लीत रंगच येत नाही. पावडर दुप्पट करावी का? वास आला की बायका नळ सोडून नाल्याकडे जातात, ते वेगळंच. शिवाय पाण्याच्या स्रोतांचं सर्वेक्षण पावसाळ्याआधी आणि नंतर होतं, आम्हाला हिरवं, म्हणजे धोका कमी असल्याचं कार्ड आहे. पाऊस असा वागायला लागल्यावर त्या कार्डाचा भरवसा किती धरायचा?

प्रतिसाद 1:
ताई, लगेच दुप्पट करू नका. गढूळ पाण्यातली घाणच क्लोरीन खाऊन टाकते. पावसाच्या खंडात काठावर साचलेलं शेण, उघड्यावरची घाण पहिल्याच लोंढ्यात विहिरीत उतरते. आधी तुरटीने गाळ बसवा, मग टीसीएल, आणि किमान अर्धा तास थांबून नळ सोडा. पावडर कधीची आहे तेही बघा. ताज्यात क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास असतं, दमट खोलीत पोतं उघडं राहिलं की उतरत जातं.

शेवटच्या गल्लीत मला पाइपलाइनचंच दुखणं दिसतं. नळ बंद झाले की पाइपात ओढ तयार होते, गळतीतून गटाराचं पाणी आत शिरतं. तिथे हवामानाला बोल लावून काय होणार, खोदूनच बघावं लागेल.

पावसाबद्दल तुमचं निरीक्षण खोटं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या 2017 च्या अभ्यासात मध्य भारतात 1950 ते 2015 दरम्यान मोठ्या भागावर एकदम होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढलेल्या दिसल्या. कार्ड सर्वेक्षणाच्या दिवसाचं असतं. प्रत्येक मोठ्या पावसानंतर नमुना पाठवा, आणि तो शेवटच्या नळाचा घ्या. तिथे लिटरला निदान 0.2 मिलीग्रॅम क्लोरीन उरायला हवं.

धागाकर्ती:
धन्यवाद दादा. पाइप खोदायचा विषय मासिक सभेत घेते. तुरटी किती लागेल हे कसं ठरवायचं?

प्रतिसाद 2:
विहिरीचं पाणी चार-पाच बादल्यांत भरा, प्रत्येकीत तुरटी थोडी-थोडी वाढवत टाका, ढवळून ठेवा. सगळ्यात कमी तुरटीत जी नितळते, ते प्रमाण धरा. पाणी गढूळ आहे तोवर घरोघरी उकळूनच प्यायला सांगा, खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत.