मदत हवी आहे: हाय प्रेस करताना टीम मधोमध फाटते

नमस्कार मंडळी,

परळची आमची हौशी फुटबॉल टीम. वयं बावीसपासून बेचाळीसपर्यंत, रविवारी सकाळी मैदान मिळेल तिथे अकरा-अकरा. रात्री जागून लिव्हरपूल बघणाऱ्या पोरांच्या डोक्यात हाय प्रेस (समोरच्यांना त्यांच्याच गोलजवळ गाठून बॉल हिसकावणं) घुसलाय, आणि मांडणी मी ठरवतो म्हणून गोल खाल्ला की शिव्या मला.

आम्ही ४-३-३ खेळतो (चार बचावात, तीन मध्ये, तीन पुढे). गेल्या रविवारचा दुसरा गोल सांगतो, दुखणं कळेल. २०१९ पासून गोलकिकचा पास बॉक्सच्या आतच घेता येतो, त्यामुळे समोरच्या गोलीने शेजारच्या स्टॉपरला (मधल्या बचाववाल्याला) बारका पास दिला. आमचा स्ट्रायकर बॉक्सच्या रेषेवरून सुटला तो नाकासमोर. त्याचं बघून दोन्ही विंगर (कडेचे पुढचे) सुटले. त्या स्टॉपरने शांतपणे आमच्या पोरांच्या मधून बॉल त्यांच्या सिक्सला (बचावाच्या पुढ्यात खेळणाऱ्या मिडफिल्डरला) दिला. तो वळला, मान वर करून बघितलं, आणि पंधरा पावलांत आमचं कुणी नाही! आमचे हाफ (मधल्या फळीतले) सेंटर सर्कलमध्ये कमरेवर हात ठेवून, स्टॉपर त्यांच्याही मागे आपल्या बॉक्सजवळ. एक लांब बॉल, विषय संपला.

मॅचनंतर कटिंग पिताना स्टॉपरला (बेचाळीसवाला तोच) विचारलं, दादा वर का येत नाही? म्हणाला, "आलो आणि बॉल डोक्यावरून गेला तर परत कोण धावणार, तुझा बाप?" मुद्दा खोटा नाही.

तर त्यांच्या सिक्सला धरायचं कुणी, स्ट्रायकरने की आमच्या एका हाफने? आणि दादाला न बदलता हे जमेल का? बदला असं कृपया सांगू नका, मैदानाचं बुकिंग तोच करतो.

प्रतिसाद

सिक्सवर माणूस लावण्याआधी त्याच्याकडे जाणाऱ्या पासची वाट बंद करा. घोळ स्ट्रायकरच्या नाकासमोर धावण्यात आहे. त्याने सिक्सच्या पुढ्यातून निघायचं आणि त्याला पाठीशी ठेवत, कमान घेत स्टॉपरवर जायचं. लिव्हरपूलमध्ये स्ट्रायकर फिर्मिनो हेच करायचा. विंगर सालाह आणि माने बाहेरून आत यायचे, म्हणजे फुलबॅककडची (कडेच्या बचाववाल्याकडची) वाट बंद. त्यांच्या डोक्यावरून बॉल गेलाच तर त्या बाजूचा हाफ धावायचा. तुमचे हाफ कमरेवर हात ठेवत असतील तर ४-३-३ विसरा. ४-४-२ करा, एक स्ट्रायकर बॉलवर, दुसरा सिक्सला चिकटून.

कोच साक्कीच्या एसी मिलानने १९८९ आणि १९९० चा युरोपियन कप ४-४-२ वरच जिंकला. शेवटच्या बॅकपासून स्ट्रायकरपर्यंत साधारण पंचवीस मीटर, हा त्याचा हट्ट. दादा वर येत नाही ना? मग पुढच्यांना खाली आणा. सेंटर लाइनपर्यंत खेळू द्या समोरच्यांना. पास मागे गेला, बॉल उडत टप्पे घेत आला किंवा फुलबॅकने साइडलाइनकडे तोंड करून बॉल घेतला, की सगळे एकदम सुटा. एकट्याने सुटायचं नाही. कबड्डीत कोपऱ्याने (कडेच्या पकडवाल्याने) पाय धरला आणि कव्हर आलाच नाही, तर चढाईवाला त्याला ओढत रेषा गाठतो. तुमच्या स्ट्रायकरचं तेच होतंय.

आणखी एक प्रतिसाद

गोली कुठे उभा असतो ते लिहिलंच नाहीत. दादाच्या मागची मोकळी जागा त्याची. बॉल समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात असताना त्याला बॉक्सच्या टोकाशी आणा, दादाची निम्मी भीती जाईल.

धागाकर्ता

गोली माझा मेहुणा, क्रॉसबारखालून हलत नाही. सांगून बघतो.

कबड्डीचं मात्र लागू पडलं. दादा पूर्वी मंडळाकडून डावा कोपरा खेळायचा. त्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, "मग असं सांगायचं ना आधी!" आता सेंटर लाइनपाशी यायला तयार आहे, त्यापुढे एक पाऊल नाही. त्यापुढे, म्हणजे समोरच्यांच्या अर्ध्यात, ऑफसाइडही मिळत नाही, हे त्याला आधीपासून माहीत होतं म्हणे.