मल्टिमीडिया कामासाठी कॉम्प्युटर घ्यायचाय, दोनपैकी कोणता घेऊ?

रानवाट:
नमस्कार मंडळी,
मी पक्ष्यांचं चित्रीकरण करते आणि त्यावर माझ्याच आवाजात माहिती देऊन छोट्या फिल्म बनवते. एचडी फुटेज होतं तोवर जुन्या लॅपटॉपवर भागलं. नवा कॅमेरा आला आणि सगळं अडलं. ४के क्लिप टाइमलाइनवर टाकली की चित्र अडखळतं आणि आवाज पुढे निघून जातो. खंड्या पाण्यात सूर मारतो तिथे कट नेमका कुठे द्यायचा, हे फ्रेम-फ्रेम मागेपुढे सरकवून बघावं लागतं. नेमकं तेच जमेनासं झालंय.

डेस्कटॉप घ्यायचं ठरवलंय. समोर दोन पर्याय आहेत.
पहिला: इंटेल आय-सेव्हन १२७००एफ, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, जीटी ७३० हे ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड.
दुसरा: इंटेल आय-फाइव्ह १२५००, १६ जीबी रॅमची एकच पट्टी, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

ओळखीतले सगळे म्हणतात पहिला घे, आय-सेव्हन आहे, वर ग्राफिक्स कार्डही आहे. मला हार्डवेअरमधलं फारसं कळत नाही, पण कळून घ्यायचंय. कशाचा काय उपयोग असतो ते कुणी समजावून सांगेल का?

खटपट्या:
पहिला घ्या. प्रोसेसरमध्ये तडजोड नको, तो नंतर बदलणं जिवावर येतं. रॅम आणि एसएसडी कधीही वाढवता येतात.

कात्रीवाला:
खटपट्या, रॅम-एसएसडीचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण इथे आय-सेव्हन की आय-फाइव्ह यापेक्षा त्या नंबराच्या शेवटचा 'एफ' महत्त्वाचा ठरेल असा माझा अंदाज आहे. ताई, आधी एक करा. मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात तुमची एक क्लिप उघडा. फॉरमॅट, बिट रेट (सेकंदाला किती माहिती), बिट डेप्थ (रंगछटा किती बारीक) आणि क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती गाळली आहे) या चार ओळींपुढे काय दिसतं ते इथे लिहा. मशीन कसं हवं ते तुमची फाइलच सांगेल.

रानवाट:
हे घ्या. एचईव्हीसी, ३८४० × २१६०, सेकंदाला ५० फ्रेम, १०० मेगाबिट, १० बिट, ४:२:२.

कात्रीवाला:
छान, आता नीट बोलता येईल. मी माहितीपटांचं संकलन करतो, त्यामुळे या फॉरमॅटशी रोजचा संबंध येतो. थोडं लांबण लागेल, पण एकदा हे समजलं की पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही.

आधी फाइल डिस्कवरून किती वेगाने वाचावी लागते ते पाहू. १०० मेगाबिट भागिले ८, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. साधी हार्ड डिस्कही सेकंदाला १०० एमबीच्या वर सहज देते. म्हणजे एक क्लिप चालवताना अडखळण्याचं कारण डिस्क नाही.

आता ती फाइल उलगडल्यावर काय होतं ते बघा. ४के चित्रात सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. दर पिक्सेलला फक्त ३ बाइट धरले तरी एक फ्रेम २५ एमबीची झाली. अशा ५० फ्रेम, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सव्वा जीबी. साडेबारा एमबीतून सव्वा जीबी उभं करायचं, तेही दर सेकंदाला न चुकता. सगळा घाम इथे निघतो. याला डीकोडिंग म्हणतात.

त्यात एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५ ची रचनाच अशी आहे की त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. काही फ्रेम पूर्ण असतात, मधल्या फ्रेममध्ये फक्त आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. खंड्या सूर मारतो तिथे तुम्ही एक फ्रेम मागे गेलात की प्रोसेसरला आधीची पूर्ण फ्रेम गाठून तिथून पुन्हा हिशेब मांडत यावं लागतं. म्हणून सरळ प्लेबॅक एक वेळ चालतो, पण उलटं सरकवताना मशीन गुदमरतं.

हे काम प्रोसेसरच्या कोअरनी, म्हणजे त्याच्या आतल्या हिशेब करणाऱ्या भागांनी, आपल्या ताकदीवर करायचं, किंवा त्यासाठीच बनवलेल्या वेगळ्या सर्किटने करायचं. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्समध्ये असं सर्किट असतं, त्याचं नाव क्विक सिंक. प्रोसेसरच्या नंबरापुढे 'एफ' असेल तर त्यात अंगचे ग्राफिक्स वापरता येत नाहीत, आणि मग क्विक सिंकही नाही.

'मग ग्राफिक्स कार्ड करेल की' असं वाटेल. इथे तुमचं ४:२:२ आडवं येतं. ४:२:० मध्ये ४:२:२ पेक्षा रंगाची माहिती जास्त गाळलेली असते आणि बहुतेक कार्डांचे डीकोडर त्याच्यासाठीच बनलेले असतात. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये ४:२:२ चं हार्डवेअर डीकोडिंग आरटीएक्स ५० मालिकेपासून, म्हणजे २०२५ मध्ये आलं. जीटी ७३० तर इतकं जुनं आहे की ते एचईव्हीसी कुठल्याच प्रकारात डीकोड करत नाही. त्यावरचे ४ जीबी म्हणजे नुसती साठवणीची जागा, त्यावरून कार्डाचा वेग कळत नाही.

आय-फाइव्ह १२५०० मध्ये यूएचडी ७७० ग्राफिक्स आहेत आणि ते तुमचं एच.२६५ ४:२:२ १० बिट हार्डवेअरमध्ये डीकोड करतात. तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या फुटेजसाठी दुसरा पर्याय. त्या आय-सेव्हनमध्ये कोअर जास्त आहेत आणि फायनल रेंडरला, म्हणजे तयार फिल्मची फाइल बनवताना, त्यांचा फायदा होईलही, पण तुमचे तास टाइमलाइनवर जातात. फक्त तुमचं एडिटिंग सॉफ्टवेअर क्विक सिंक वापरतं का आणि ते सेटिंग चालू आहे का, हे तपासा. आणि कॅमेऱ्यात एच.२६४ या जुन्या फॉरमॅटचाही ४:२:२ मोड असेल तर तो टाळा, त्याला हा प्रोसेसर हार्डवेअरची मदत देत नाही.

दुसऱ्या पर्यायात मी एक बदल नक्की करून घेईन. १६ जीबीच्या एका पट्टीऐवजी १६-१६ च्या दोन घ्या. अंगच्या ग्राफिक्सना स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅममधूनच घेतात. दोन पट्ट्या दोन वेगळ्या चॅनेलवर बसल्या की रॅमकडे जायचा रस्ता दुप्पट रुंद होतो. बोर्डावर चार खाचा असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी वापरायची असते, बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असतं. या पिढीचे प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही घेतात, बोर्ड मात्र दोहोंपैकी एकच घेतो. तेव्हा पट्टी घेण्याआधी बोर्ड बघा.

५१२ जीबी तुम्हाला पुरणार नाही. तुमचं फुटेज तासाला ४५ जीबी होतं. एसएसडीवर विंडोज, सॉफ्टवेअर, कॅशे आणि चालू प्रकल्प ठेवा, संपलेले प्रकल्प मोठ्या हार्ड डिस्कवर हलवा आणि त्यांची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर असू द्या. पुन्हा तोच पक्षी त्याच फांदीवर येत नाही, त्यामुळे प्रतीच्या बाबतीत मी फार आग्रही आहे. एसएसडी घेताना 'एम.२' एवढ्यावर समाधान मानू नका. तो फक्त आकार झाला. त्याच आकारात साटा एसएसडीही येतात आणि त्या सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतात. एनव्हीएमई, म्हणजे त्याहून वेगवान प्रकार, हा शब्द लिहिलेला हवा.

जुनी_डिस्क:
कात्रीवाल्यांच्या मुद्द्याला जोड देतो. १९९१ च्या सुमारास मल्टिमीडिया पीसी मार्केटिंग कौन्सिलने 'एमपीसी' नावाचं मानक काढलं होतं. १६ मेगाहर्ट्झचा ३८६एसएक्स, २ एमबी रॅम, ३० एमबी हार्ड डिस्क, ८ बिटांचं साउंड कार्ड आणि सेकंदाला १५० केबी देणारा सीडी-रॉम ड्राइव्ह, एवढं सगळं किमान असेल तरच ते चिन्ह मिळायचं. १९९३ मध्ये दुसरी पातळी आली तेव्हा ४ एमबी रॅम, ४८६एसएक्स आणि १६ बिटांचा आवाज आला. त्या यादीत प्रत्येक भागाची किमान मर्यादा होती. आज स्टिकरवर एकट्या प्रोसेसरचं नाव असतं, बाकीची यादी आपली आपण करावी लागते.

खटपट्या:
४:२:२ चा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता. दुसऱ्या पर्यायाला माझंही मत. पॉवर सप्लाय मात्र थोडा जास्त वॉटचा घ्या ताई, म्हणजे पुढे चांगलं कार्ड बसवायचं झालं तर तो बदलावा लागणार नाही.

स्वरलेखा:
आवाजाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो रेकॉर्डिंग तासाला जेमतेम ५२० एमबी होतं, कुठल्याही मशीनला ते जड नाही. त्रास होतो तो गोंगाटाचा. कॅबिनेटच्या पुढच्या माइक जॅकमधून बऱ्याचदा बारीक गुणगुण येते, कारण आतली वायर इतर भागांजवळून जाते. यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या, त्यात आवाजाचं डिजिटल रूपांतर कॅबिनेटच्या बाहेरच होतं. पंखे लहान आणि सुसाट फिरणारे नकोत, १२० मिमीचे संथ फिरणारे बरेच शांत असतात. रेकॉर्डिंगच्या वेळी कॅबिनेट टेबलावर न ठेवता खाली आणि माइकच्या पाठीमागे ठेवा.

रानवाट:
इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. कॅमेऱ्यातलं ४:२:२ म्हणजे काय हे आज पहिल्यांदा उमगलं. आता मॉनिटरचं विचारते. ४के मॉनिटर हवाच का? आणि खंड्याचा निळा रंग माझ्या लॅपटॉपवर फिका दिसतो, तो कॅमेऱ्याचा दोष की स्क्रीनचा?

कात्रीवाला:
बहुधा स्क्रीनचा. लॅपटॉपच्या माहितीत '४५ टक्के एनटीएससी' असं काही लिहिलंय का बघा. स्क्रीन किती रंग दाखवतो याचं ते माप आहे. तसं असेल तर तो स्क्रीन एसआरजीबी या नेहमीच्या प्रमाण रंगसंचाचा जेमतेम दोन तृतीयांश भाग दाखवतो, आणि गडद निळे-हिरवे त्यातच मार खातात. अशा स्क्रीनवर तुम्ही रंग वाढवत न्याल आणि दुसऱ्याच्या स्क्रीनवर तोच पक्षी भडक दिसेल. म्हणून ४के नसला तरी चालेल, पण आयपीएस पॅनेल (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा स्क्रीनचा प्रकार) आणि १०० टक्के एसआरजीबी हवं. ४के घेतलाच तर एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्टने जोडा. एचडीएमआय १.४ वर ४के ३० हर्ट्झलाच अडकतं, आणि ५० फ्रेमचं तुमचं फुटेज तिथे सलग दिसणारच नाही.

मशीन ताब्यात घेण्याआधी तुमची एक क्लिप पेन ड्राइव्हवर न्या, त्या मशीनच्या एसएसडीवर कॉपी करा आणि तुमच्याच सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर टाकून चालवा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग जीपीयू उघडलं की 'व्हिडिओ डीकोड' नावाचा आलेख दिसतो. क्लिप चालताना तो आलेख वर चढला आणि सीपीयू निवांत राहिला, तर काम योग्य जागी होतंय. तो शून्यावर आणि सीपीयू शंभरावर असेल तर आधी सॉफ्टवेअरमधलं हार्डवेअर डीकोडिंगचं सेटिंग आणि ग्राफिक्स ड्रायव्हर बघा, आणि तसाच स्क्रीनशॉट इथे टाका.