सम्राट, चक्रवर्ती, खान : मोठा कोण?

रावेरहून एका ताईंचा प्रश्न आहे. गावातल्या केळी बागायतदार जोडप्याचा सत्कार ठरलाय, आणि फ्लेक्सवाल्याने पाठवलेल्या प्रूफात 'केळी संम्राट' असं आलंय. बरोबर काय, आणि त्यांच्या पत्नीच्या नावापुढे काय लिहायचं?

ताई, म् अक्षरात असताना डोक्यावर पुन्हा टिंब कशाला? 'केळीसम्राट' लिहा, एकत्र. पत्नीसाठी 'केळीसम्राज्ञी'. 'सम्राटीण' बोलायला गमतीचं वाटेल, पण छापू नका. 'सम्राज्ञी' हा शब्द तर घरातलाच. ऋग्वेदातल्या विवाहसूक्तात नव्या नवरीला सांगितलंय, 'सम्राज्ञी श्वशुरे भव', आणि पुढे सासू, नणंद, दीर अशी सगळी यादी घेऊन तिथेही सम्राज्ञी हो म्हटलंय. (सूक्त म्हणताना सासूबाई कुठे बसल्या होत्या, ते विचारू नये.)

एक सावधगिरी मात्र सांगतो. मराठी वर्तमानपत्रांनी 'साखरसम्राट' आणि 'शिक्षणसम्राट' इतक्या तिरकसपणे वापरलेत की 'सम्राट' जोडला की वाचणाऱ्याच्या मनात आधी संस्थांच्या इमारती उभ्या राहतात. 'गानसम्राज्ञी'ला तो वास नाही. म्हणजे कलेपुढे लागला तर मान, धंद्यापुढे लागला तर टोमणा. केळी बिचारी अधेमधे आहे, तेव्हा सत्कारमूर्तींना आधी विचारलेलं बरं.

जळगावहून एका सरांनी बारकाईचा मुद्दा काढलाय. संरक्षण, संरचना यांत 'सम्'च्या म्‌चा अनुस्वार होतो, मग र पुढे असताना 'संराट' का होत नाही? सर, नेमकं याच शब्दासाठी पाणिनीने वेगळं सूत्र ठेवलंय : 'मो राजि समः क्वौ'. सम्‌च्या पुढे 'क्वि' हा न दिसणारा प्रत्यय लागलेला राज् आला की म् हा म्‌च राहतो. एवढ्या मोठ्या व्याकरणात एका शब्दाला खास सवलत मिळावी, ही राजाचीच मिजास म्हणायची. संस्कृतात शेवटचा ट् पाय मोडलेला, मराठीत मात्र आपण तो पूर्ण लिहितो, सम्राट, सम्राटाने, सम्राटांना.

अर्थाकडे वळू. 'राज्' म्हणजे तळपणं आणि राज्य करणं, दोन्ही. वेदात सम्राट हे विशेषण वारंवार लागतं ते वरुणाला. पुढे अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाने अटीच घालून दिल्या : ज्याने राजसूय यज्ञ केला, जो मंडळाचा स्वामी आहे आणि जो इतर राजांना आज्ञेत ठेवतो, तो सम्राट. नुसता मोठा मुलूख असून भागत नाही.

गणपतीत आरतीनंतर आपण सगळे मंत्रपुष्पांजली म्हणतो, तिथे हा सगळा बाजार भरलेला आहे : 'साम्राज्यं भौज्यं स्वाराज्यं वैराज्यं...' हा भाग 'ऐतरेय ब्राह्मण' या वैदिक ग्रंथातला. त्याच ग्रंथात, राज्याभिषेक झाल्यावर कुठल्या दिशेचा राजा काय म्हणवतो हे दिलंय. पूर्वेकडचा सम्राट, दक्षिणेकडचा भोज, पश्चिमेचा स्वराट, उत्तरेचा विराट. म्हणजे त्या हिशेबाने सम्राट ही मूळची पूर्वेकडची पदवी. आणि शेवटी आपण जोर लावून, सूर ताणून 'एकराळिती' म्हणतो ना, ते 'एकराट् इति' आहे. एकराट, म्हणजे समुद्रापर्यंतच्या पृथ्वीचा एकटा राजा. पुढे स्वर आला की ट् चा ड् होतो, आणि दोन स्वरांमध्ये ड आला की ऋग्वेदी उच्चारात त्याचा ळ होतो, 'अग्निमीळे'सारखा. मांडवातल्या निम्म्या पोरांना 'राळी' हे एखाद्या देवाचं नाव वाटतं.

आता गंमत बघा. आपण सर्रास 'सम्राट अशोक' म्हणतो, पण त्याच्या स्वतःच्या लेखांत तो 'देवानंपिय पियदसि राजा' एवढाच आहे. पूर्वेकडच्या बोलीतल्या लेखांत तर 'लाजा'. गुप्तांनी 'महाराजाधिराज' घेतलं. शिवाजी महाराजांनी 1674 साली रायगडावर 'छत्रपती' हे पद घेतलं. प्रत्यक्ष राज्य करणाऱ्यांनी 'सम्राट' फारसा मिरवलेला दिसत नाही. आपण तो मागाहून त्यांना चिकटवला.

धुळ्याचे एक दादा म्हणतात, चक्रवर्ती आणि सम्राट एकच ना? नाही दादा. चक्रवर्ती म्हणजे ज्याच्या रथाचं चाक कुठेही अडत नाही तो. अमरकोशात त्याच्यासाठी राजसूयाची अट नाही. आपल्या देवगिरीच्या यादवांचं बिरुद होतं 'प्रौढप्रतापचक्रवर्ती'. होयसळ, काकतीय शेजारी धडधाकट असताना! बिरुदाला जकात नसते. चाळीसगावजवळ पाटणला शके 1128 चा शिलालेख आहे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा. त्यात यादव सिंघण वर, आणि खाली त्याचा मांडलिक, निकुंभ घराण्यातला सोइदेव, अशी उतरंड संस्कृतात मांडलेली आहे. पण शेवटी बाजारातल्या मालावरचा हिस्सा मठाला लावून द्यायची वेळ आली तेव्हा लेख मराठीवर येतो, आणि तिथे शब्द येतो 'राउला'. राउळ, म्हणजे राजकुळ. कर ज्याला जातो तो राउळ. मला विचाराल तर त्या दगडावरचा सगळ्यांत खरा शब्द तोच.

दादांचा दुसरा प्रश्न खानदेशातल्या 'खान'चा. गवताळ मैदानांतल्या तुर्क-मंगोलांत खान हाच राजा, आणि खानांचा खान तो खाकान. दिल्लीच्या सुलतानांकडे आल्यावर मात्र शब्दाची पायरी उतरली. वर सुलतान, मग खान, मग मलिक, मग अमीर. खानदेशावर राज्य करणाऱ्या थाळनेरच्या फारुकी घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा. अरबीत मलिक म्हणजेही राजाच, तरी पदवीच्या उतरंडीत तो खानाखाली. त्याचा मुलगा नासिर याला गुजरातच्या सुलतानाकडून 'खान' हा किताब मिळाला. त्यानेच असीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसवलं. खानदेश म्हणजे या खानांचा देश, ही सर्वांत रुळलेली व्युत्पत्ती. कान्हदेश म्हणणारेही आहेत, आणि कानबाई देवीच्या या मुलखात ते लोकांना आवडतं. पण नुसत्या आवडीवर मी ते स्वीकारणार नाही. तेव्हा आपल्या प्रांताला नाव मिळालं ते सर्वोच्च शासकाच्या शब्दावरून खरं, पण तो शब्द मांडलिक होऊन बसल्यावर.

1601 साली असीरगड पडल्यावर अकबराने मुलगा दानियाल याच्या नावावरून प्रांताचं 'दानदेश' केलं. बादशहाचा हुकूम होता, तरी लोकांच्या तोंडी तो बसला नाही.

आणि अहिराणीत सम्राटाला काय म्हणतात, असं शिरपूरच्या एका पोराने विचारलंय. बाळा, गोष्टीत 'एक राजा व्हता', आणि भांडणात 'तू सोताले बादशा समजस का रे?' एवढ्यात आपलं भागतं.