सांताक्रूझहून थेट ला पाझ: आईला झेपेल का?

रेवा:
नमस्कार मंडळी. जूनमध्ये आईला घेऊन बोलिव्हियाला जातेय. आई ६६ वर्षांची, रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. आमचं विमान पहाटे सांताक्रूझच्या विरू विरू विमानतळावर उतरतं, दोन तासांनी तिथूनच ला पाझचं देशांतर्गत विमान, दुसऱ्या दिवशी उयुनी, म्हणजे मिठाचं विस्तीर्ण मैदान पाहायला. पण ला पाझचा विमानतळ किती उंचावर आहे ते कळल्यापासून धास्ती बसलीय. त्यापेक्षा रस्त्याने जावं का? वयस्कर माणसाला घेऊन कोणी गेलंय?

पाथरवट:
रस्त्याचं मनातून काढून टाका. सांताक्रूझ ते ला पाझ बसला अख्खी रात्र जाते, वर आणखी काही तास. तिथे ‘ब्लोकेओ’ म्हणजे रस्ता रोको कधीही होतो. आमची बस कोचाबाम्बाच्या अलीकडे अडकली होती. आईंना घेऊन तर नकोच.

कोंदण:
रेवाताई, मी ला पाझमध्ये तीन वर्षं राहिलेय. तुम्ही लिहिलाय तसाच बेत मी बाबांसाठी आखला होता आणि तो चुकला, म्हणून सविस्तर लिहिते.

सांताक्रूझ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४०० मीटरवर आहे. ला पाझचा विमानतळ शहरात नाही, वरच्या पठारावर एल आल्तोमध्ये आहे, ४,०६१ मीटरवर. जगातला सर्वांत उंच आंतरराष्ट्रीय विमानतळ तोच. विमान तासाभरात तिथे नेऊन सोडतं, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के. एरवी विमान उतरताना केबिनमधला दाब वाढत जातो. इथे बाहेरची हवाच इतकी विरळ की उतरण्याआधी आतला दाब कमी करत आणावा लागतो. त्यामुळे दम लागायला सुरुवात विमानातच होते.

बाबा बॅगांच्या पट्ट्यापाशी उभे होते. “जरा बसतो गं,” म्हणाले आणि ओठ पांढरे पडले. विमानतळावर ऑक्सिजनची सोय असते, तिथल्या बाईंनी लगेच मास्क लावला. पंधरा मिनिटांत रंग परत आला. ती पंधरा मिनिटं मी विसरलेले नाही.

(त्या हवेचा त्रास विमानालाही होतो. पंखांना पुरेसा आधार मिळावा म्हणून ते जास्त वेगात उतरतं, त्यासाठी धावपट्टी ४ किलोमीटरची आहे. लांब पल्ल्याच्या विमानांना तिथून टाक्या गच्च भरून निघणं जमत नाही, ती सांताक्रूझला थांबून इंधन घेतात.)

म्हणून विमानं चढत्या क्रमाने घ्या. सांताक्रूझला एक रात्र काढाच. इमिग्रेशन तिथेच होणार, दोन तासांत पुढचं विमान गाठणं तसंही धावपळीचं. मग सुक्रेचं विमान. सुक्रे साधारण २,८०० मीटरवर, शांत पांढरं शहर. तिथला अल्कान्तारी विमानतळ २०१६ मध्ये सुरू झाला, शहरापासून तीसेक किलोमीटर लांब आहे आणि शहराहून थोडा उंचावर, म्हणजे उतरल्यावर तुम्ही खालीच जाता. तिथे तीन रात्री राहा. त्यानंतर ला पाझ. तिथेही वर एल आल्तोत मुक्काम नको. टॅक्सी करून थेट सोना सुरला, म्हणजे शहराच्या दक्षिण भागात, कालाकोतोला उतरा. विमानतळापेक्षा तो भाग सातआठशे मीटर खाली आहे, आईंना रात्री झोप लागेल. दोन दिवसांनी उयुनी, तासाभराचं विमान.

उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घ्यायची गोळी रक्तदाबाच्या गोळीबरोबर चालेल का, ते डॉक्टरांना आधी विचारा. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा देतात, तो तिथे रोजचा आहे. पण पानं बॅगेत घालून परत आणू नका, बहुतेक देशांत बंदी आहे.

दिशा_१२:
एक भर घालते. उयुनीहून परतीचं विमान आणि घरी जायचं विमान एकाच दिवशी ठेवू नका. माझ्या वेळी देशांतर्गत विमानाची वेळ आदल्या संध्याकाळी बदलली, ईमेल स्पॅनिशमध्ये आला आणि मी तो सकाळी वाचला. मध्ये एक मोकळा दिवस होता म्हणून निभावलं. जूनमध्ये उयुनीची रात्र शून्याच्या बरीच खाली जाते, आईंचे गरम कपडे हातातल्या बॅगेत ठेवा.

रेवा:
कोंदण, तुमचं लिहिणं आईला वाचून दाखवलं. ती लगेच म्हणाली, सुक्रे घाल. चार दिवस वाढवले. ला पाझ शहरातली केबल कार आईला चालेल का?

कोंदण:
नक्की चालेल, बसून जायचं असतं. पण सामान घेऊन नको, आणि पहिल्या दिवशीही नको. सवय झाली की सोना सुरहून हिरवी लाइन घ्या, पुढे पिवळी बदलून एल आल्तोपर्यंत वर जा. वर फार वेळ थांबू नका, लगेच परत फिरा. जूनमध्ये आभाळ बहुधा निरभ्र असतं. उतरताना आईंना खिडकीशी बसवा आणि इलिमानी हा बर्फाच्छादित डोंगर कुठे दिसतो ते त्यांनाच शोधू द्या.