आकडे मोजू नका, बोटांना विचारा
एकांनी लिहिलंय की ३ चकत्यांचं नंबरवालं कुलूप उघडायला १००० आकडे लावून बघण्यावाचून पर्याय नाही. आहे, आणि खरा आनंद त्यातच आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतलेल्या एका स्वस्त कुलपावर मी हे शिकलो (सरावाला स्वतःचंच, वापरात नसलेलं कुलूप घ्या). कडी हलकेच ओढून धरायची, अगदी हलकेच, आणि एकेक चकती फिरवून बघायची. घडणीत थोडाफार फरक राहतोच, त्यामुळे ताण आधी एकाच चकतीवर येतो आणि ती जड फिरते. सुरुवात तिच्यापासून. बरोबर आकड्यावर चकतीच्या आतली खाच समोर आली की कडी केसभर सरकते, बोटाला बारीकशी ‘टक्’ लागते आणि जडपणा दुसऱ्या चकतीवर जातो. ती ‘टक्’ पहिल्यांदा कळायला मला ४ संध्याकाळी लागल्या, कारण मी जोर लावत होतो. जोर लावला की सगळ्याच चकत्या आवळतात. काही चांगल्या कुलपांत चुकीच्या आकड्यांवर फसव्या खाचाही असतात. तिथे कडी जराशी सरकून अडते.

आपल्याकडे पावसाळ्यात, त्यात किनाऱ्याजवळ, चकत्या गंजूनही जड होतात. तो जडपणा ताणाचा समजू नका, आधी ग्राफाइटची पूड घाला.