धर्मकार्यासाठी परदेशी गेलेल्यांनो, पहिलं वर्ष कसं काढलंत?

म्हापशाहून
माझा भाचा पुढच्या महिन्यात टांझानियाला निघालाय. आम्ही मूळ सावंतवाडीकडचे ख्रिश्चन, दोन पिढ्या म्हापशात, घरात मराठी-कोंकणी दोन्ही चालतं. पोरगा सेमिनरीत, म्हणजे फादर व्हायच्या शाळेत, शिकतोय, गिटार वाजवतो, फुटबॉल खेळतो, आणि मासळी नसेल तर ताटावर बसून नुसता उसासे टाकतो. लसी, व्हिसा, औषधं यांचं सगळं पत्रक मिळालंय, पण तिथं गेल्यावर माणसाच्या आत काय होतं ते पत्रकात कोण लिहिणार? म्हणून इथं विचारतोय. कुठल्याही धर्माचे असाल तरी लिहा, फादर, सिस्टर, भटजी, कीर्तनकार, घरी राहिलेली आईवडील मंडळीसुद्धा. फक्त जोझे वाझांचा दाखला नको. 1687 साली मजुराच्या वेषात लंकेत गेले हे लहानपणापासून ऐकतोय, ते संत झाले, आमचा पोरगा अजून मोबाईल चार्जर विसरतो.

मूळ डिचोली, सध्या टांझानिया
मामा, आधी मासळीचं सांगतो. व्हिक्टोरिया तळ्याच्या बाजूला गेला तर मजा आहे. दगा म्हणून बारीक सुकी मासळी बाजारात ढिगाने विकतात, आपल्या सुकटीसारखीच, कांदा-टोमॅटोत परतली की उगालीबरोबर झकास. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, हाताने तोडून खायचा. सुरुवातीला घशाखाली उतरत नाही, मग सुट्टीत गोव्याला आलं की तीच आठवते.
खरा त्रास वेगळा. मी गेलो तेव्हा गावात सगळ्यांना वाटलं हा दुकान टाकायला आलाय. तिकडे भारतीय माणूस म्हणजे पिढ्यानपिढ्यांचा व्यापारी, त्यामुळे पोरं मागे लागायची, साखर कितीला देणार म्हणून. मी ब्रदर आहे हे सांगायलाही धड स्वाहिली नाही. सेमिनरीत मला सगळे हुशार म्हणायचे आणि इथं मी मीठ मागितलं तर स्वयंपाकीण हसून लोटपोट. पहिले कितीतरी महिने मी कुणाच्याच काहीच कामाचा नव्हतो, हे पचवणं उगालीपेक्षा जड गेलं बघा. सेवा करायला आलो आणि लोकच मला सांभाळतायत, मलेरिया झाला तेव्हा उशाशी बसायला गावातल्या बाया, ज्यांची नावंही मला नीट घेता येत नव्हती.
त्याला सांगा वडीलधारं कुणी दिसलं की आधी शिकामू म्हणायचं, ते मराहाबा म्हणतात, तेवढ्यावर अर्ध्या गावाची ओळख होते. आणि रविवारची मिस्सा तीन तास चालली तर घड्याळ बघायचं नाही. अर्पणाच्या वेळी लोक नाचत येतात, कोंबडी, अंडी, मक्याची कणसं घेऊन. आपल्याकडे फादर पाच मिनिटं जास्त बोलले की मागच्या बाकावरचे बाहेर जाऊन स्कूटरला किक मारतात.

वाळपई
फुटबॉल खेळतो ना, मग कशाला काळजी.

मडगाव
वाझांचा दाखला नको म्हणालात तरी देतेच, सॉरी. आपल्याला फक्त 2015 चा संत दाखवतात, पोपनी कोलंबोत जाहीर केलं तो. पण बाणावलीहून गेलेला हा माणूस जाफन्याला पोचला तोच हगवणीने आडवा, भीक मागायची वेळ. पुढे कँडीत 1692 साली हेर समजून तुरुंगात टाकलं, तिथं बसून सिंहली शिकला. म्हणजे सुरुवातीला तोही कुणाच्या कामाचा नव्हताच की. आणि उलटं उदाहरण हवं तर स्टीफन्स पाद्री, इंग्लंडमधून 1579 मध्ये गोव्यात आला, आणि 1616 ला राशोलला त्याच्या मराठी ओव्या छापून झाल्या. मधली वर्षं मोजा. हल्ली पोरांना सहा महिन्यांत सगळं जमलं पाहिजे असतं.

सत्तरी, भजन-कीर्तनवाला
मी ख्रिश्चन नाही आणि मला मिशनरी म्हणाल तर घरचे हसतील, पण मॉरिशसला मराठी मंडळींकडे भजन शिकवायला राहिलो होतो. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी-सावंतवाडीकडून ऊसमळ्यांत मजूर म्हणून गेलेले. मला वाटलं आपलीच माणसं, काय अडचण येणार. घरात क्रेओल बोलतात, फ्रेंचवरून आलेली तिथली बोली! अभंग तोंडपाठ, पण एकमेकांना हाक मारायची ती क्रेओलमध्ये. मी पहिल्या दिवशी वास्कोच्या सप्ताहाची चाल लावली तर एक आजोबा म्हणाले आमची चाल अशी नाही, आणि त्यांनी जी म्हटली ती मी आयुष्यात ऐकली नव्हती, कदाचित आपल्याकडचीच जुनी असेल जी आपण विसरलो, सांगता येत नाही. त्यानंतर शिकवणं बाजूला ठेवून मी टाळ धरून मागे बसायला लागलो. झाकरी नाचायला मलाच शिकवली. चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते, गणपती डोक्यावर घेऊन चालत निघतात, तेव्हा मात्र घरची माटोळी, गणपतीवर टांगतो ती फळाफुलांची चौकट, आठवून माझा गळा दाटला, लपवायला जागा नव्हती.

फोंडा
सगळे गोड गोड लिहितायत म्हणून कडू लिहितो. मी अमेरिकेत एका देवळात पुजारी होतो. नाव सांगत नाही. धार्मिक कामाचा आर-1 व्हिसा असतो, जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि ज्या संस्थेने बोलावलं तिच्याशीच बांधलेला, म्हणजे कमिटी नाराज झाली की तुमचं काम आणि देशात राहणं दोन्ही एकदम धोक्यात. माझा पासपोर्ट कमिटीने कपाटात ठेवला होता, सुरक्षित राहील म्हणून. पूजा मला येत होती, भांडी घासायलाही हरकत नव्हती, पण बोलायला कुणी नाही. लोक यायचे, सत्यनारायण सांगायचे, पार्किंगमधून निघून जायचे. मी परत आलो आणि आता इथं बरा आहे. भाच्याला सांगा पासपोर्ट कुणाच्याही हातात द्यायचा नाही, मग तो बिशप का असेना.

माहेर कुडाळ, सासर मडगाव
माझा मुलगा पापुआ न्यू गिनीत फादर आहे, डोंगराळ भागात. विषुववृत्ताजवळ म्हणून मी पातळ शर्ट दिले आणि तिथं रात्री कुडकुडायला होतं. तिकडची वेळ आपल्यापुढे साडेचार तास, त्यामुळे मी जेवून फोन करायला बसते तोवर तो गाढ झोपलेला. रताळी हेच मुख्य खाणं. आणि सुपारी, हिरवी सुपारी चुना लावून सगळे चघळतात, लाल तोंडं, त्याने फोटो पाठवला तर सासूबाई म्हणाल्या ही तर आपल्यासारखीच माणसं, आणि त्या दिवसापासून त्यांनी रडणं सोडलं. मी नाही सोडलं. आईला विचारताय म्हणून सांगते, तो पहिल्या वर्षी फोनवर सगळं छान आहे एवढंच बोलायचा. ज्या दिवशी चिडून बोलला, इथं डुकरांवरून दोन कुळांत भांडण लागलंय आणि मला मध्ये घेतलंय, त्या दिवशी मला बरं वाटलं. भांडणात घेतलं म्हणजे घरचा समजले.

म्हापशाहून
फोंडेकर, पासपोर्टचं लगेच सांगितलं. बहिणीला हे सगळं वाचून दाखवतोय, डुकरांपाशी ती हसली. युरोपात कुणी आहे का?

वसईची, गोव्यात शिकलेली, जर्मनीत सिस्टर
आहे. वृद्धाश्रमात काम करते. इथं जंगल नाही, मलेरिया नाही, पण डिसेंबरात चार-साडेचारला अंधार पडतो आणि न कळवता कुणी कुणाच्या दारात जात नाही. चर्च भलंमोठं आणि आत मोजकी म्हातारी माणसं. एकेकाळी इथूनच मिशनरी आपल्याकडे यायचे, आता आम्ही इथं. भाषेची परीक्षा पास झाले तरी आजी-आजोबांची बोली कळायची नाही, म्हणून मी त्यांचे केस विंचरत बसायचे, त्याला व्याकरण लागत नाही. एक आजी मला रोज विचारते तू नवीन आहेस का. मी रोज हो म्हणते.