चौथीला धडा घरी, गणित वर्गात: कोणी करून पाहिलं का?

दोन‌शिक्षकी
यवतमाळ जिल्ह्यातली झेडपीची शाळा, मास्तर दोन. तिसरी-चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. फ्लिप्ड लर्निंग, म्हणजे समजावणं घरी व्हिडिओवर अन् सराव वर्गात, हे मनावर घेतलं. परिमितीचा चार मिनिटांचा व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकला. 19 पैकी 7 जणांनी पाहिला. पण त्या सातांना सुतळी देऊन मैदानात नेलं, तर एक पोरगी म्हणते, "गुरुजी, हे तं कुंपणाच्या तारेचंच झालं. रोही येऊ नये म्हून बाबा तीन पदर लावते, मंग तीनदा धरा लागन ना?" फळ्यावर शिकवताना हा प्रश्न मला कधी आला नव्हता. चालू ठेवावं म्हणतो.

वेचणीचे दिवस
अन् बाकीचे बारा? त्यांच्यासाठी परत शिकवलं असेल तर सातांना बसवून ठेवलं, नसेल तर बारांना सोडून दिलं. दोन्हीकडून मरण. कापूस वेचून माय अंधार पडल्यावर येते, मोबाईल बापाच्या खिशात, लेकरू धाकट्याले सांभाळून थकलेलं. त्याच्याकडून व्हिडिओची अपेक्षा काहून? हे सुरू झालं 2007 मध्ये, अमेरिकेतल्या कोलोरॅडोत. रसायनशास्त्राचे दोन शिक्षक, हायस्कूलची पोरं, खेळाच्या सामन्यांमुळे तास बुडायचे म्हणून केलेली सोय. नऊ वर्षांच्या पोरासाठी नव्हतीच ती.

तिसरीतल्याची माय
तुमचं खरं आहे, पण माझा पोरगा लाजरा. वर्गात दुसऱ्यांदा विचारायची हिंमत नाही त्याची. व्हिडिओ तीनदा मागे घेऊन पाहिला, कोणी हसलं नाही. हातच्याची वजाबाकी गुरुजी कशी करवून घेतात ते मलाही कळलं. नाहीतर मी माझ्या पद्धतीनं शिकवायची अन् तो गोंधळायचा.

गडचिरोलीकर
2020 मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा आम्ही असेच व्हिडिओ पाठवले. आमच्या पोरांच्या घरी गोंडी बोलतात, व्हिडिओतली मराठी पुस्तकी. समोर असलो की चेहरा पाहून शब्द बदलता येतो. मोबाईलला चेहरा दिसत नाही. माझा विरोध एवढ्याचसाठी.

दोन‌शिक्षकी
बारांचं बोलणं लागलं, खरं सांगतो. परत शिकवलं, अन् सात जणांनी तेवढा वेळ खोडरबर फेकले. म्हणून आता व्हिडिओ घरी पाठवणं बंद. शाळेतल्या टॅबवर चौथी कोपऱ्यात चार मिनिटं पाहते, तेवढ्यात मी तिसरीला गुणाकार देतो. मग चौथीकडे जातो, तर ती मोजायला तयार असते. दोन वर्ग एका खोलीत असले की अर्धा दिवस एक वर्ग नुसता बसून असतो, तो वेळ तरी वाचला.

वेचणीचे दिवस
मग याला फ्लिप्ड कशाला म्हणता? हे तर बहुवर्ग अध्यापन झालं, आपण टॅब नसतानाही करायचो. गटप्रमुख पोरगी वाचून दाखवायची, बाकीचे ऐकायचे.

दोन‌शिक्षकी
नाव काही द्या. गटप्रमुख पोरगी मात्र दरवेळी तीच असायची, अन् तिचं स्वतःचं गणित राहून जायचं.

गडचिरोलीकर
हे पटलं. आवाज तुमचाच ठेवा फक्त, गावच्या बोलीत. टॅब सकाळीच चार्ज करता का? आमच्याकडे दुपारी लाइन नसते.

दोन‌शिक्षकी
आमच्याकडेही नसते. मी रात्री घरी नेतो.